स्पष्टवक्त्याची कवळी

शीळ त्याला आधी ऐकू आली आणि वाक्य नंतर. संध्याकाळची वेळ, टीव्हीवर नटवर्यांची मुलाखत चाललेली, बायको मांडीवर ताट घेऊन मटार सोलत बसलेली, आणि तो आपला खुर्चीत पुढे सरकून, डोळे मिटून, नटवर्यांचा एकेक 'स' कानात झेलत होता. नटवर्य हात उडवून म्हणत होते, "ही सगळी सामान्य माणसं! चाळीस-चाळीस वर्षं एका छपराखाली काढतात आणि म्हणतात, आम्ही संसार केला. संसार कसला? साहस नव्हतं म्हणून राहिलात! भीतीला संस्कार म्हणायचं आणि सुखानं झोपायचं!" समोर बसलेल्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. याच्या कपाळाला मात्र आठी पडली, कारण 'साहस' म्हणताना दोनदा शीळ वाजली होती, बारीकशी, पण वाजली होती. वरचे पुढचे दोन दात आणि त्यांच्यामधली फट. जिभेचं टोक तिथे टेकतंय आणि वारा निसटतोय. मागून केसभर भर घालायला हवी, असं तो मनाशी म्हणत होता, तेवढ्यात बायको म्हणाली, "खरं बोलला हो." कुणाला उद्देशून नाही, सहज म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली. काय खरं बोलला, हे आठवायला त्याला ते वाक्य डोक्यात पुन्हा पहिल्यापासून लावावं लागलं. लावलं, आणि मग तो खुर्चीत मागे टेकला.

नटवर्यांच्या तोंडातले ते दात त्याने केलेले होते. एका दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवायच्या, हा त्याचा धंदा. दवाखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे पहिल्या मजल्यावर एक खोली, खोलीत प्लास्टरची पोती, मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा आणि घासायची मोटार. दवाखान्यातले सगळे त्याला दंतोपंत म्हणायचे, आणि तोही आता फोन उचलल्यावर "दंतोपंत बोलतोय" असंच म्हणायचा. माणसं त्याला भेटत नसत. माणसांचे जबडे भेटत, प्लास्टरचे, पांढरेफटक, पाठीवर नंबर टाकलेले. कोण रात्री दात खातं, कोण एकाच बाजूने चावतं, कोणी कित्येक वर्षं पाइप ओढलाय, हे त्याला नाव कळायच्या आधी कळायचं. नाव कळलं तरी ते तो बाहेर काढत नसे. कवळी ही माणसाची झाकली मूठ असते, ती आपण उघडायची नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं; पहिल्या दिवसापासून तो तसाच वागत आला होता. शेजारच्या गृहस्थांची कवळी त्याने दोनदा केली होती, आणि ते गृहस्थ जिन्यात भेटले की आपले अस्सल दात दाखवल्यासारखे हसायचे. हाही हसायचा. नटवर्यांची कवळी गेल्या वर्षी केली तेव्हा तर डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेऊन सांगितलं होतं, "दंतोपंत, हे कुठे फुटलं तर माझा दवाखाना बंद." त्याला हसू आलं होतं. त्याने घरातसुद्धा सांगितलं नव्हतं, आणि बायको तर नटवर्यांवर लग्नाआधीपासून फिदा.

सकाळी चहा घेताना तो तिच्याकडे पाहत राहिला. ती एका हाताने चहा गाळत होती आणि दुसऱ्या हाताने पाव भाजायला लावत होती, आणि कुठेही काही बदललेलं दिसत नव्हतं. छत्तीस वर्षं. ती टीव्हीवरच्या माणसांना एरवी सरळ उत्तरं द्यायची. पुढारी बोलायला लागले की "चल, हो पुढे" म्हणायची, हवामान सांगणाऱ्या मुलीला "कालही हेच म्हणाली होतीस" म्हणून झापायची. खरं बोलला, असं ती कधी कुणाला म्हणाल्याचं त्याला आठवेना. म्हणजे ही घाबरून राहिली? माझ्याबरोबर? त्याने स्वतःला बाहेरून बघायचा प्रयत्न केला. ठेंगणा, टक्कल पडलेला, नखांत कायम प्लास्टर, कुणावर आवाज न चढवलेला माणूस. अशा माणसाला घाबरायचं तरी कसं? पण माणसाला घाबरणं वेगळं आणि माणूस सोडायला घाबरणं वेगळं, हे त्याच्या लक्षात आलं, आणि चहा एकदम कोमट लागला.

"काय बघताय?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"मग प्या की. गार करून प्यायचा असेल तर मी कशाला उकळू?"

विचारावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. काल तू खरं म्हणालीस ते कुणाबद्दल, एवढंच तर विचारायचं होतं. पण त्याची जीभच अशी घडलेली होती की घरातलं कुठलंही वाक्य तिच्या टोकापर्यंत येऊन परत फिरायचं. बाहेर तो गप्पिष्ट नव्हता आणि घरात तर घुमाच; सासूबाई जिवंत असताना म्हणायच्या, जावई गरीब आहे, तोंडात बोट घातलं तरी चावणार नाही. तो हे कौतुक समजत आला होता. आज पहिल्यांदाच त्याला वाटलं की सासूबाई काळजीने बोलत असाव्यात.

खोलीवर जाऊन त्याने दिवा पेटवला, मेणाची सुरी तापवली आणि समोरच्या जबड्यावर दात मांडायला घेतले. हात आपले काम करत राहिले. नटवर्यांच्या कवळीतली ती फट कुणी मागितली नव्हती, हे त्याला आता आठवावं लागलं. डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीत फक्त रंग आणि माप होतं. फट त्याने आपल्या मनाने ठेवली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं नटवर्यांच्या नाटकाला गेले होते, सगळ्यात मागच्या रांगेत, एका खांबाच्या आड, बायको सबंध तीन अंक मान वाकडी करून बसली होती आणि घरी येताना मान चोळत म्हणाली होती, "त्यांच्या दातांत ती फट आहे ना, त्यामुळे ते खोटं बोलतायत असं वाटतच नाही." तेव्हा नटवर्य तिशीत होते आणि दात त्यांचे स्वतःचे होते. गेल्या वर्षी त्यांचा जबडा टेबलावर आला, त्यात एकही दात नव्हता, नुसती गुळगुळीत हिरडी, आणि त्याला भरून आलं होतं. त्याने पुढचे दोन दात मेणात बसवले आणि सुरीचं टोक मध्ये घालून किंचित, अगदी किंचित, दूर सारले. तीस वर्षांच्या माणसाची फट सत्तरीच्या माणसाला बसवली. जीभ तर सत्तरीचीच होती. एवढी साधी गोष्ट त्याच्यासारख्या कसबी माणसाच्या ध्यानात आली नाही, आणि आता तीच फट देशभर शीळ वाजवत त्याच्या संसाराबद्दल बोलत होती. हातातला दात त्याने वाकडा बसवला, काढला, पुन्हा बसवला.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. "दंतोपंत, तातडीने या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते आलेत. मागच्या दाराने आणलंय. ज्याने केली त्यालाच बोलवा म्हणून बसलेत."

तो हत्यारांची पेटी घेऊन निघाला. रस्त्याने जाताना त्याने ठरवलं की आज बोलायचं. घरी नाही जमत तर नाही, पण या माणसाला विचारायचं, की बाबा रे, तू तीन लग्नं केलीस, तीनही मोडलीस, ते तुझं तू बघ. पण मागच्या रांगेत खांबाआड बसलेल्या माणसांच्या घरातलं तुला काय ठाऊक? वाक्य चांगलं जुळलं होतं. त्याने ते दोनदा घोटलं. दवाखान्याच्या पायरीपर्यंत ते पाठ होतं.

नटवर्य मागच्या छोट्या खोलीत, निर्जंतुक करायच्या यंत्राशेजारी, स्टुलावर बसले होते. बाहेर पेशंट असल्याने त्यांना खुर्चीत बसायचं नव्हतं. कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवलेली होती, आणि नटवर्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. रुमालाच्या वर डोळे तेवढे दिसत होते, मागच्या रांगेपर्यंत पोचणारे ते डोळे, आणि त्या डोळ्यांत शाळेत मार बसणार असलेल्या मुलाचा भाव होता. त्याचं घोटलेलं वाक्य तिथल्या तिथे विरघळलं. डॉक्टरीणबाई "करा तुम्ही" म्हणून दार ओढून बाहेर गेल्या.

"काल पाहिलंत?" नटवर्यांनी रुमालाआडून विचारलं. शब्द मऊ येत होते. त्याला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"पाहिलं."

"लोकांना ऐकू आलं असेल?"

"काय?"

"शीळ हो!"

"नाही," तो म्हणाला. "मला आली. बाकी कुणाला नाही."

नटवर्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की रुमाल उडाला, आणि क्षणभर त्याला ते बसकं, आत गेलेलं तोंड दिसलं. त्याने चटकन वाटीकडे मान वळवली. कवळी पुसली, उजेडाकडे धरली. फटीच्या मागच्या बाजूला, जिथे जीभ टेकते, तिथे गुलाबी भर घालायची, घट्ट होऊ द्यायची, घासायची. समोरून फट तशीच राहील आणि वारा मागच्या मागे अडेल. अर्ध्या तासाचं काम. पेटी उघडताना त्याला जाणवलं की हे न करताही चालण्यासारखं होतं. चार वेळा घासून, फुंकून, परत द्यायची. पुढच्या मुलाखतीत पुन्हा शीळ, मोठी. कुणाला कळलं नसतं. त्याने पावडरीत द्रव टाकला आणि काडीने ढवळायला लागला. शीळ वाजणारी कवळी हातून जाऊ देणं त्याच्याच्याने झालं नसतं, मग ती कुणाचीही असो.

"ही फट कुणी सांगितली होती ठेवायला?" नटवर्यांनी विचारलं.

"कुणी नाही. मीच ठेवली. माझ्या बायकोला आवडायची. जुन्या नाटकात."

"हो? मग तिला सांगितलंत की नाही, की ते दात तुम्ही केलेत?"

"नाही."

"बायकोला नाही सांगितलंत?" नटवर्य विसरून रुमाल खाली घेऊन बसले. "किती वर्षं झाली लग्नाला?"

"छत्तीस."

"आणि बायकोलाही नाही?"

"तुमची गोष्ट ती. मी कशी सांगणार?"

नटवर्य त्याच्याकडे टक लावून पाहत राहिले. मग बोळक्या तोंडाने, खऱ्याखुऱ्या कुतूहलाने, त्यांनी विचारलं, "मग घरी बोलता तरी काय तुम्ही?"

त्याची काडी थांबली. "पाव आणायचाय का. गॅस संपत आलाय. असं." एवढं बोलल्यावर त्याला राहवलं नाही. "काल तुम्ही म्हणालात ना, साहस नव्हतं म्हणून राहिलात... बायको म्हणाली, खरं बोलला."

"कधी म्हणालो मी?"

"काल. टाळ्या पडल्या की."

"असं म्हणालो?" नटवर्य आठवायचा प्रामाणिक प्रयत्न करत होते. "वाक्य चांगलं आहे. अहो, माझं सगळं लक्ष जिभेकडे होतं. आणि काहीतरी झणझणीत द्यावंच लागतं. साधं बोललो तर पुढच्या खेपेला दुसऱ्याला बोलावतात. या वयात एकदा बोलावणं थांबलं की थांबलंच." मग जरा वेळाने म्हणाले, "रागावल्या नाहीत ना त्या?"

रागावल्या नाहीत, असं तो म्हणाला. त्याला नटवर्यांचा राग येत नव्हता, आणि येत नव्हता म्हणून स्वतःचा येत होता. ज्या वाक्याने त्याला सकाळचा चहा गोड लागला नव्हता, ते बोलणाऱ्याला आठवतही नव्हतं. त्याने भर घातली, घट्ट झाल्यावर घासली, अंगठा फिरवून पाहिला, धुऊन पुसून दोन्ही हातांनी पुढे केली आणि पाठ फिरवून उभा राहिला. मागे टच्च आवाज झाला. "साठ ते सत्तर म्हणा," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. सगळ्यांना तेच म्हणायला लावतात, 'स' कळावा म्हणून. नटवर्यांनी "एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट" सुरू केलं, आणि आवाज बघता बघता भरत गेला. सदुसष्टला तो खोलीत मावेनासा झाला. शीळ कुठेच नव्हती. तो वळला तेव्हा समोर पुन्हा नटवर्य बसले होते, आणि त्याला अंगावर काटा आल्यासारखं झालं, छत्तीस वर्षांपूर्वी खांबाआड आला होता तसा.

"सांगा तुम्ही बायकोला," जाताना नटवर्य म्हणाले. "एकट्या तिला. माझी परवानगी आहे."

"नको," तो म्हणाला. "सवय नाही."

खोलीवर न जाता तो बसमध्ये बसला, आणि घराच्या थांब्यावर उतरायचं सोडून बसूनच राहिला. घरी बोलता तरी काय? सांगायचं राहिलेलं असं आपल्याजवळ आहे तरी काय, असं तो मनात चाचपत होता, आणि चाचपता चाचपता हाताला ते लागलं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बायको एका दुपारी पिशवीत चार कपडे भरून तिच्या थोरल्या बहिणीकडे निघून गेली होती. भांडण नव्हतं, काही नव्हतं. चार दिवस राहिली आणि पाचव्या दिवशी सकाळी परत आली. दार त्यानेच उघडलं होतं. "चहा टाकू?" एवढंच म्हणाला होता. का गेलीस विचारलं नाही, का आलीस विचारलं नाही. आली आहे ना, मग तिला अवघडल्यासारखं का करायचं, या समजुतीने. हा आपला मोठेपणा, असं तो आजवर धरून चालला होता. आणि त्या चार दिवसांत आपण काय केलं, तेही त्याने सांगितलं नव्हतं. रोज काम सुटल्यावर तो शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचा, तिच्या बहिणीच्या घरासमोरच्या बसथांब्यावर उभा राहायचा आणि वरच्या खिडकीकडे पाहायचा. बसेस यायच्या, जायच्या. जिना चढायचा आणि कडी वाजवायची, एवढंच करायचं होतं. चारही दिवस तो अंधार पडेपर्यंत उभा राहिला, आणि चारही दिवस परत फिरला. बस शेवटच्या थांब्यावर आली आणि कंडक्टरने त्याला उतरवलं. उलटी बस पकडून तो घरी आला तेव्हा दुपार झाली होती.

बायको पलंगावर वाळलेल्या चादरी पसरून घडी घालत होती. एवढ्या लवकर आलेला पाहून तिचा हात थांबला. "बरं नाही का?"

"बरंय." त्याने चपला काढल्या, पेटी ठेवली, आणि बसला तर पुन्हा जमणार नाही म्हणून उभ्यानेच म्हणाला, "काल तू म्हणालीस, खरं बोलला. तू घाबरून राहिलीस माझ्याकडे?"

छत्तीस वर्षांत एवढा लांब प्रश्न त्याने विचारला नव्हता.

"मी?" ती म्हणाली. "मला वाटलं, तो तुमच्याबद्दल बोलतोय."

"माझ्याबद्दल?"

"मी ताईकडे गेले होते, आठवतं? चार दिवस. ताई रोज विचारायची, काय म्हणाला, काय बोलला. आणि मला सांगण्यासारखं एक वाक्य सापडेना. तुम्ही काही बोललाच नव्हता, तर तक्रार कशाची करू? म्हटलं, घरी जावं, जरा भांडावं, एखादं वाक्य काढावं तुमच्या तोंडून आणि मग परत यावं. तर तुम्ही चहा टाकू का म्हणालात." ती हसली, पण हसू पुरतं झालं नाही. "मला न्यायला आला नाहीत. मी आले, तर का आलीस हे विचारलं नाहीत. मला इतकी वर्षं वाटतं, यांना मी असले काय नि नसले काय. बदल नको म्हणून चाललंय. काल तो तेच म्हणाला."

"मी आलो होतो," तो म्हणाला.

"कुठे?"

"ताईकडे. खाली. समोरच्या थांब्यावर. चारही दिवस."

तिच्या हातातली चादर खाली आली. "आणि वर?"

"वर नाही आलो."

"का?"

"तू नाही म्हणाली असतीस तर?"

ती पलंगाच्या कडेवर बसली. मग एकदम उसळून म्हणाली, "तेहतीस वर्षं! तेहतीस वर्षं हे पोटात घेऊन बसलात? अहो, मी वर खिडकीआड बसून रडत होते, आणि तुम्ही खाली बसेस मोजत होता?" तिचे डोळे भरून आले होते, आणि आवाज असा चढला होता की शेजारच्या गृहस्थांनी नक्की ऐकला असणार. "आणि मी आलेच नसते पाचव्या दिवशी, तर? आला असता वर?"

हो म्हणून टाकावं, असं त्याला फार वाटलं. 'हो'च ऐकायला ती थांबली होती, आणि म्हटलं असतं तर तिने ते जन्मभर जपून ठेवलं असतं. त्याने तो थांबा आठवला, तो जिना, ती खिडकी.

"माहीत नाही," तो म्हणाला.

तिने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तिने आजवर कधी पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. मग पलंगावरच्या चादरी एका बाजूला सारून तिने जागा केली.

"बसा इथे," ती म्हणाली. "आणि पहिल्या दिवसापासून सांगा. कितीच्या बसने निघालात?"